इंजेक्टर का चोक होतो? घटांगच्या चढावर सुचलेला इतिहास

ऑगस्टच्या शेवटी सेमाडोहहून परतवाड्याला निघाले, तेव्हा माझी गाडी तीन आठवडे एका जागी उभी होती. पावसानं रस्ते धरले होते आणि मीही खोलीत बसून मुलाखती टाईप करत होते. गाडी २००६ ची, पेट्रोलवरची, माझ्याकडे तिसऱ्या हातानं आलेली. सुरू झाली, पण थरथरत. सिपनेच्या पुलापर्यंत ठीक होती. घटांगचा चढ लागला तशी धाप टाकायला लागली, दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. मागच्या सीटवर शेजारच्या घरातली एक बाई आणि तिचं तापलेलं लेकरू होतं. तिला परतवाड्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, आणि त्या दिवशी गावातून निघालेली पहिली गाडी माझी होती. पन्नासेक किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. लेकरू बरं झालं. माझी मात्र त्या तीन तासांची भीती अजून गेलेली नाही. या रस्त्यावर गाडी बंद पडणं म्हणजे नुसता उशीर नसतो.

अमरावतीतल्या एका गॅरेजनं निदान पाच मिनिटांत केलं: "चारही इंजेक्टर चोक आहेत, नवीन टाका." सांगितलेला खर्च मी गाडीला दिलेल्या पैशांच्या जवळजवळ पाव हिश्श्याइतका होता. मी परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. माझ्या पीएचडीच्या कामात ते मला आधीच भेटलेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले.

"कोनत्या सालची हाये ताई? पयले कोनापाशी होती? पेट्रोल कोठून भरता? अन् एवढे दिवस उभी काहून ठेवली?"

मला हसू आलं. हे सगळे इतिहासाचे प्रश्न होते. माझी एमएस्सी रसायनशास्त्रातली आणि पीएचडी तंत्रज्ञानाच्या इतिहासात: वऱ्हाडातली ऑइल इंजिनं, मेळघाटातून परतवाड्याच्या डेपोत सागवान आणणारे ट्रक आणि ते चालते ठेवणारी दुरुस्तीची दुकानं. कागदपत्रं, मुलाखती, दुकानांच्या जुन्या पाट्या यांत तीन वर्षं गेली. पण 'इंजेक्टर का तुंबतो' याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत कमी आणि इंधनाच्या इतिहासात जास्त आहे, हे त्या दिवशी नीट कळलं. मागच्या लेखाखाली दोघा-तिघांनी जुन्या गाडीबद्दल विचारलंच होतं. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी इंजेक्टर म्हणजे काय ते. पेट्रोल गाडीत तो बोटाएवढा विजेवर चालणारा झडपेचा नळ असतो. मागून साधारण ३ बार दाबानं पेट्रोल येतं, संगणकाचा इशारा मिळाला की सुई उचलली जाते, काही मिलिसेकंद फवारा उडतो, सुई परत बसते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला पंचवीस वेळा हे करतो. टोकाची भोकं मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. डिझेलच्या नव्या, कॉमन रेल गाड्यांत गोष्ट आणखी नाजूक: दाब १६०० बार किंवा त्याहूनही जास्त, भोकं ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर, आणि सुई ज्या नळीत सरकते तिथली फट दोन-चार मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे जो कण डोळ्याला दिसतच नाही तोही तिथे धोंड्यासारखा अडतो.

आणि ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा त्याच्यापुढचा सगळ्यात चिवट प्रश्न हाच होता: दाबलेल्या गरम हवेत तेल बारीक करून टाकायचं कसं? त्यानं तेल उडवायला दाबलेली हवाच वापरली. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा आणि इंजिन इतकं अवजड व्हायचं की ते कारखान्यात किंवा जहाजातच शोभायचं. गाडीत बसेल असा उपाय यायला तीस वर्षं लागली. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२२ च्या अखेरीस डिझेल पंपाचं काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये त्याचं नियमित उत्पादन सुरू केलं. हवा गेली, तिच्या जागी मायक्रॉनमध्ये घासलेला प्लंजर आणि नोझल आलं. पण त्या क्षणापासून इंजिनाला गाळलेलं, कोरडं, स्वच्छ तेल लागायला लागलं. पंप जितका हुशार, तितका तो घाणीला हळवा.

हा पंप आपल्याकडे आला तो मायकोच्या रूपानं. मोटार इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. नाशिकच्या तिच्या कारखान्यात पुढे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. नाशिकच्या चौकाचं नाव मात्र अजून मायको सर्कलच आहे. साताऱ्याच्या कूपरनं तीसच्या दशकातच डिझेल इंजिन बनवलं होतं, पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. यांची इंजिनं वऱ्हाडात विहिरीवर आणि नाल्यावर बसली. म्हणजे मोटारगाडीच्या किती तरी आधी, इंजेक्टरशी आपला संबंध शेतातल्या 'इंजना'मुळे आला.

मुलाखतींमध्ये म्हातारी माणसं त्या इंजनाबद्दल बोलतात तेव्हा एक गोष्ट हमखास येते: डिझेल धोतराच्या फडक्यातून गाळून टाकीत ओतायचं. पिंप हलवलं की लगेच काढायचं नाही, रात्रभर निवू द्यायचं, तळचं चार बोटं डिझेल टाकीत घालायचंच नाही. कुणी पुस्तक वाचून हे शिकलं नव्हतं. पेरणीच्या दिवसांत नोझल बसलं की पाणी बंद, आणि दुरुस्तीला तालुक्याला जायचं म्हणजे दिवस गेला, एवढा धडा पुरेसा होता. तालुक्याच्या गावी 'पंप, नोझल टेस्टिंग' अशी पाटी असायची. काही ठिकाणी अजून आहे. आत हातपंपासारखं एक यंत्र: नोझल लावायचं, दांडा दाबायचा, काट्यावर दाब बघायचा आणि फवारा बघायचा. धुक्यासारखा उडाला तर ठीक, पिचकारीसारखा गेला किंवा टोकाला थेंब धरला तर नोझल गेलं. जुने कारागीर डोळ्याआधी कानानं ओळखतात, सुईच्या चर्र आवाजावरून. (त्या फवाऱ्याखाली हात कधीही धरू नका. तेल कातडीतून आत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते.)

पेट्रोल गाडीवाले या सगळ्यापासून कितीतरी वर्षं सुखात होते. कार्ब्युरेटर म्हणजे एक वाटी, एक तरंगता गोळा आणि दोन-चार जेट. कचरा आला तर जेट काढा, फुंकर मारा, लावा. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० याच कार्ब्युरेटरवर धावली आणि देशभरच्या मिस्त्रींचे हात तिच्यावर तयार झाले. जेट फुंकायची ती सवय पुढे महागात पडली. ते खाली येतंच.

पेट्रोलमध्ये इंजेक्टर आला तो प्रदूषणाच्या कायद्यामुळे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं विजेवर चालणारं इंजेक्शन जाहीर केलं. ते नीट चाललं नाही. बॉशनं त्याचे हक्क घेऊन १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं, ते आधी अमेरिकेत जाणाऱ्या फोक्सवागन १६०० वर बसलं, कारण कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कार्ब्युरेटरला पेलवत नव्हते. ऐंशीच्या दशकात तिकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्टर आले. आणि त्याच दशकाच्या मध्यात तक्रारींचा पूर आला: नवी कोरी गाडी, थोडी चालवली की अडखळते, सकाळी सुरू होत नाही.

इथे माझं रसायनशास्त्र कामाला येतं, म्हणून जरा थांबते.

तक्रारी कुणाच्या होत्या? लांब जाणाऱ्यांच्या नव्हत्या. थोडं चालवून गाडी उभी करणाऱ्यांच्या होत्या. गाडी चालू असते तेव्हा इंजेक्टरमधून सतत वाहणारं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. चावी फिरवून बंद केलं की प्रवाह थांबतो, पण इंजिन तापलेलंच असतं. ती आच वर चढते आणि इंजेक्टरचं टोक चालू गाडीपेक्षा जास्त तापतं. टोकाशी पेट्रोलचा एखादा थेंब उरलेला असतो. त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग राहतो. त्या जड भागात ओलेफिन असतात, म्हणजे कार्बनचे दुहेरी बंध असलेले रेणू. हे रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात, एकमेकांना धरतात आणि चिकट थर होतो. हे तुम्ही घरी पाहिलेलं आहे. जवसाचं तेल दाराला लावलं की चार दिवसांत वाळून कडक, चकचकीत होतं. पाण्यासारखं ते उडून जात नाही. दुहेरी बंधांच्या जागी ऑक्सिजन घुसून त्याचं व्हार्निश होतं. इंजेक्टरच्या टोकावर हेच होतं, फक्त थर मायक्रॉनमध्ये. असे हजार थेंब वाळले की फवाऱ्याची पिचकारी होते.

पेट्रोलमध्ये ओलेफिन आले कुठून? रिफायनरीतून. कच्च्या तेलाचा जड भाग उत्प्रेरकावर फोडून जास्त पेट्रोल काढायची पद्धत दुसऱ्या महायुद्धापासून वाढत गेली, आणि फोडलेल्या तेलात दुहेरी बंध जास्त असतात. कार्ब्युरेटरला त्याचं फार वाटत नव्हतं. इंजेक्टरला वाटलं.

अमेरिकेनं उपाय काढला तो पेट्रोलमध्येच साबणासारखं द्रव्य मिसळायचा. या रेणूंचं एक टोक धातूला किंवा घाणीला धरतं आणि दुसरी लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते, त्यामुळे थर बसत नाही, बसलेला हळूहळू सुटतो. त्यातलं पॉलिइथरअमाइन आजही सगळ्यात भरवशाचं मानलं जातं. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीनं असं द्रव्य सगळ्या पेट्रोलमध्ये सक्तीचं केलं आणि १ जानेवारी १९९५ पासून ते लागू झालं. द्रव्य चालतं की नाही हे तपासायला जी चाचणी ठरली तिचं वेळापत्रक मला फार आवडतं: पंधरा मिनिटं गाडी पळवायची, पंचेचाळीस मिनिटं बंद ठेवायची, पुन्हा पंधरा मिनिटं. असं १०,००० मैल. इंजेक्टर तुंबवायचा याहून खात्रीचा मार्ग त्यांना सापडला नाही.

हे वाचलं तेव्हा मी माझी डायरी काढली. सेमाडोहहून सकाळी शेजारच्या गावात, मुलाखत तासभर, तिथून पुढच्या गावात, चहा आणि मुलाखत, मग परत. दिवसाला चार-पाच वेळा इंजिन तापवायचं आणि तसंच उभं करायचं. दीड वर्ष मी नकळत तीच चाचणी करत होते, तीही साबण नसलेल्या पेट्रोलवर.

भारतात चित्र असं झालं की इंजेक्टर आधी आला आणि त्याला लायक इंधन नंतर. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं दिल्लीत युरो नियमांची घाई झाली, आणि २००० पर्यंत आपल्या छोट्या गाड्या भराभर 'एमपीएफआय' झाल्या. १९९८ च्या सँट्रो आणि मॅटिझमध्ये ते होतंच, मग मारुती ८०० लाही मिळालं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं. पण पुढचे नियम एकाच दिवशी सगळीकडे आले नाहीत. एप्रिल २००५ मध्ये मुंबई-पुण्यासह अकरा शहरांना भारत स्टेज तीनचं पेट्रोल मिळालं, त्यात गंधक १५० पीपीएमपर्यंत आणि ओलेफिनवर २१ टक्क्यांची मर्यादा. अमरावती, अकोला आणि बाकी देशाला त्याच दिवशी स्टेज दोन मिळालं, गंधक ५०० पीपीएमपर्यंत. तिसरा टप्पा आपल्याकडे यायला २०१० उजाडलं. मग २०१७ ला चौथा, ५० पीपीएम. २०२० ला सहावा, १० पीपीएम.

म्हणजे २००६ ची एकच गाडी पुण्यात राहिली असती तर तिनं एक पेट्रोल प्यायलं असतं, परतवाड्यात राहिली तर दुसरं. "पयले कोनापाशी होती?" हा प्रश्न मिस्त्रींनी उगाच विचारला नव्हता. सेकंडहँड गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, पत्र्याचा रंग बघतो. ती कोणत्या पंपांवर वाढली, हे कुणी विचारत नाही. २००२ च्या आसपास तेलकंपन्यांनी साबण मिसळलेलं महागडं पेट्रोल आणलं, स्पीड, पॉवर वगैरे नावांनी. आपल्याकडे त्याचं कौतुक 'पिकअप वाढतो' म्हणून झालं. खरा उपयोग होता तो इंजेक्टर स्वच्छ ठेवण्याचा, आणि तो कुणी समजावून सांगितला नाही.

आता रॉकेल. याच्याशिवाय महाराष्ट्रातला इंधनाचा इतिहास पुरा होत नाही. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल-डिझेल महाग, या दोन भावांमधल्या फटीत एक अख्खा धंदा उभा राहिला. मुंबईहून पाइपलाइननं तेल येणाऱ्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंभोवती तो फोफावला होता. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे एका ढाब्याजवळ टँकरमधली भेसळ पकडली, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आलं. दोन दिवसांनी राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरी पेपर कुणी तरी लपवून ठेवला होता, एवढं आठवतं.

भेसळीनं इंजेक्टरचं काय होतं ते साधं आहे. पेट्रोल २१० अंशांपर्यंत पूर्ण उडून जायला हवं, असं आपलं प्रमाण सांगतं. रॉकेलचा बराच भाग त्याच्या वर उकळतो. तापलेल्या टोकावर तो उडत नाही, तिथेच बसून भाजतो. डिझेलमध्ये रॉकेल घातलं तर त्रास वेगळा: रॉकेलला वंगण कमी, म्हणून पंप आणि सुई कोरडी घासली जाते, आणि घासून निघालेला धातूच पुढे जाऊन भोकात अडकतो. ज्या भावाच्या फरकावर हा धंदा होता तो आता उरलेला नाही, पण त्या काळात धावलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

शेवटचा अध्याय इथेनॉलचा, आणि तो वाटतो तितका नवा नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळायचा कायदा, इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट, १९४८ मध्येच झाला होता. साखर कारखान्यांच्या मळीचं करायचं काय, हा तेव्हाही प्रश्न होता. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ च्या जूनपर्यंत १० टक्के झालं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिकचे भाग त्याला चालतील असे बनवायचे ठरले. त्याआधीच्या सगळ्याच गाड्यांचे तसे बनवलेले नव्हते.

इथेनॉलवर सध्या घराघरात भांडणं चालू आहेत, म्हणून नीट लिहिते. इथेनॉल स्वतः इंजेक्टरवर व्हार्निश करत नाही. त्यात दुहेरी बंधच नाहीत. त्याचे दोन गुण जुन्या गाडीला नडतात. एक, ते चांगलं विद्रावक आहे. वीस वर्षांत टाकीच्या तळाशी बसलेली गाळ-घाण ते सोडवतं आणि ती फिल्टरकडे निघते. दोन, त्याला पाण्याची ओढ आहे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, श्वास घेते, आणि मेळघाटातल्या ऑगस्टच्या हवेत पाण्याला काय तोटा? थोडं पाणी इथेनॉलमध्ये मुरून जातं आणि जळूनही जातं, हा फायदाच. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. पंपाचं तोंड तळालाच असतं. लोखंडी टाकीला गंज चढतो तो तिथून.

मिस्त्रींनी अखेर गाडीखाली जाऊन फिल्टर काढला. उलटा धरून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ओतला. पेट्रोल चहासारखं लाल आलं, आणि त्याच्या खाली वेगळा, पाण्याचा थर, त्यात गंजाची पूड. "हे पाहा. तुमच्या इंजेक्टरनं काय करावं?" मग त्यांनी चारही इंजेक्टर काढून अमरावतीला तपासायला पाठवले. तिथे ते एका रांगेत लावून काचेच्या नळ्यांत फवारा मोजतात. तिघांचा प्रवाह जवळजवळ सारखा निघाला, एकाचा बराच कमी. चारही अल्ट्रासॉनिक टाकीत धुतले, चौथाही रांगेत आला. नवा एकही लागला नाही.

एकच इंजेक्टर कमी असला तरी गाडी एवढी का लंगडते? ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो चारही सिलिंडरच्या धुराचा मिळून अंदाज घेतो. एकाला पेट्रोल कमी पडलं की संगणकाला वाटतं सगळ्यांनाच कमी आहे, आणि तो चौघांनाही वाढवून देतो. मग तुंबलेला उपाशीच, बाकी तिघांना अजीर्ण. ॲव्हरेज पडतं ते असं.

आता जे मी करते ते. टाकी पावसाळ्यात अर्ध्याखाली जाऊ देत नाही. परतवाड्याला गेले की भरूनच येते. किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल घेत नाही, अगदीच नडलं तर एक लिटर, आणि ते काचेच्या बाटलीत पाच मिनिटं धरून, खाली वेगळा थर दिसतो का बघून. बाहेरचा फिल्टर स्वस्त असतो. जुनी गाडी घेतल्या घेतल्या तो बदलावा, दोन-तीन टाक्या इथेनॉलचं पेट्रोल जाळल्यावर पुन्हा बदलावा, कारण सुटलेली घाण याच काळात येते, आणि मग वर्षाला एकदा. ज्या गाडीत फिल्टर टाकीच्या आत पंपाला जोडलेला असतो तिथे काम खर्चाचं आहे, पण पंप काढलाच आहे तर टाकीचा तळ टॉर्चनं बघून घ्या. आठवड्यातून एकदा गाडी सलग तासभर रस्त्यावर पळवा. छोट्या फेऱ्या टाळता येत नसतील (मला येत नाहीत) तर दोन मुलाखतींच्या मध्ये गाडी उन्हात उभी करू नका, एवढं तरी.

साबणाची बाटली? हो, पण लेबलवर पॉलिइथरअमाइन लिहिलेलं असेल तरच, आणि इंजिन ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत, कारण त्यातला काही भाग ऑइलमध्ये उतरतो. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. टाकीत गंज असेल तर ती बाटली कामाची नाही. गंज साबणानं विरघळत नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगला बिलात लावलेलं 'इंजेक्टर क्लिनिंग' मी आता खोडायला सांगते आणि त्याआधी प्लग, कॉइल आणि फिल्टर बघायला सांगते, कारण धाप लागण्याची सगळी कारणं बाहेरून सारखीच दिसतात. आणि तार घालू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या जेटवर शिकलेला हात तारेकडे जातोच. जेटचं भोक जरा मोठं झालं तर स्क्रू फिरवून भागायचं. इंजेक्टरचं भोक एकदा वाकडं झालं की तो गेला.

डिझेलवाल्यांना जास्त सांगायला नको, त्यांच्या आज्यांनी सांगितलंय. फिल्टरखालच्या पाण्याचा नळ पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोडा, डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा लागला की पुढचा पंप गाठायच्या भानगडीत न पडता आधी तो सोडा, कॅनमधलं डिझेल निवळल्याशिवाय ओतू नका. कॉमन रेल गाडी जड सुरू होत असेल तर चारही इंजेक्टरचं परतीचं डिझेल सारख्या बाटल्यांत मोजायला सांगा. ज्याची बाटली आधी भरते तो घासलेला आहे. सुटा इंजेक्टर बदलता येतो, संच घ्यावा लागत नाही. फक्त काही गाड्यांत नव्या इंजेक्टरचा नंबर संगणकात भरावा लागतो, तो भरला का ते विचारा.

परतवाड्याहून निघताना मिस्त्रींनी तो लाल पेट्रोलचा डबा मला दाखवून मुद्दाम झाकण लावून ठेवला. पुढचं गिऱ्हाईक इंजेक्टर बदला म्हणत आलं की दाखवायला, म्हणाले. मी जुना फिल्टर मागून घेतला. तो आता सेमाडोहच्या खोलीत, मुलाखतींच्या वह्यांशेजारी ठेवलाय, वर तारीख आणि किलोमीटर लिहून. खोलीत अजून पेट्रोलचा वास येतो. शेजारची बाई परवा लेकराला घेऊन आली होती. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, आता चढते का?